डोळे दाखवायचे, पण कोणाला?

फळ्यावरचे दिसत नसलेल्या मुलाच्या पालकांना शिक्षक सांगतात, 'याचे डोळे दाखवून घ्या.' पण कोणाला? मुळशी तालुक्यात ताम्हिणीकडच्या वाडीतून पौडला किंवा पुण्याला जायचे, म्हणजे पालकाचा दिवसाचा रोजगार बुडतो. म्हणून कोणाचे काम कोणते, हे शिक्षकाला ठाऊक हवे.

नेत्रतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो व त्याने पुढे नेत्ररोगांचे विशेष शिक्षण घेतलेले असते. मोतीबिंदू, काचबिंदू, तिरळेपणा, दृष्टिपटलाचे विकार यांवरील उपचार व शस्त्रक्रिया हे त्याचे क्षेत्र. ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे दृष्टिमापनतज्ज्ञ, चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम पूर्ण करतो. प्रतिमा दृष्टिपटलाच्या पुढे वा मागे पडत असेल, तर कोणत्या भिंगाने ती जागेवर येईल हे तो मोजतो. विकाराची शंका आल्यास तो नेत्रतज्ज्ञाकडे पाठवतो. ऑप्टिशियन चिठ्ठीबरहुकूम चष्मा तयार करतो. भिंगाचा मध्य बाहुलीसमोर नेमका आणणे हे त्याचे कौशल्य. ते चुकले तर नंबर बरोबर असूनही डोके दुखते.

1976 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमामुळे सरकारी व्यवस्थेत आणखी एक दुवा आला. तो म्हणजे नेत्र चिकित्सा अधिकारी. हा शल्यविशारद नव्हे. ग्रामीण रुग्णालयांत व शाळांत दृष्टी तपासणे, नंबर काढणे आणि गरजूंना पुढे पाठवणे हे त्याचे काम.

एक सोपा प्रयोग पाहा. मुलाला तक्त्यापासून 6 मीटरवर बसवा व एकेक डोळा झाकून वाचायला सांगा. अडखळल्यास जाड कागदाला सुमारे 1 मिलिमीटरचे छिद्र पाडून त्यातून वाचू द्या. छिद्रातून अरुंद शलाकाच आत जात असल्याने प्रतिमेचा धूसरपणा घटतो. अक्षरे स्पष्ट झाली, तर बहुधा चष्म्याचा प्रश्न आहे. न झाल्यास नेत्रतज्ज्ञच गाठावा. तिरळेपणा, बाहुलीत पांढरी झाक, दुखापत किंवा अचानक कमी झालेली दृष्टी असेल, तर प्रयोगात वेळ घालवू नये.

हा प्रयोग तपासणीची जागा घेत नाही. लहान मुलांच्या डोळ्यातील भिंग सहज आकार बदलते. म्हणून त्यांचा नंबर अनेकदा औषधाचे थेंब घालूनच काढावा लागतो. तेव्हा चष्म्याच्या दुकानातील झटपट तपासणीवर विसंबू नये.

एकाच डोळ्यात दोष असेल तर मूल तक्रार करत नाही. दुसऱ्या डोळ्याने त्याचे भागते. मेंदू मात्र अंधुक डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो आणि तो डोळा 'आळशी' होतो. वय वाढेल तसे हे सुधारणे अवघड होत जाते. एकेक डोळा झाकून घेतलेली वर्गातली पाच मिनिटांची तपासणी म्हणूनच मोलाची.