फाईलवरची तारीख कोण लिहितं?

(ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी एपिसोडचा मजकूर, थोडा आवरून.)

फोनवर एखाद्या फाईलचे डिटेल्स उघडले की तारीख दिसते, वेळ दिसते, अगदी मिनिटासकट. आणि आपण लगेच म्हणतो, "हे बघ, फाईल तेव्हाचीच आहे." आजचा प्रश्न साधा आहे. ती तारीख तिथे लिहिली कोणी? आणि ती बदलता येते का?

येते. दहा सेकंदांत. हॅकिंग वगैरे काही लागत नाही. मॅक किंवा लिनक्सवर ‘टच’ नावाची कमांड असते. टच, मग मायनस टी, मग वर्ष-महिना-दिवस-तास-मिनिट सलग, मग फाईलचं नाव. एंटर मारा, फाईल 2009 सालची झाली. अँड्रॉइडवर टर्मक्स टाकलंत तर हेच चालतं. विंडोजवाल्यांना पॉवरशेलमध्ये एक ओळ पुरते.

हे इतकं सोपं का? कारण तारीख फाईलच्या आत नसतेच. प्रत्येक डिस्कवर फाईल सिस्टिम नावाचं एक रजिस्टर असतं, चाळीच्या कमिटीकडे असतं ना, तसंच. कुठल्या खोलीत कोण, कधी आलं. फाईलचं नाव, साईज, डिस्कवरची जागा आणि तारखा या रजिस्टरात लिहिलेल्या असतात. फक्त हे रजिस्टर कमिटीकडे नसून तुमच्याच हातात आहे, आणि पेनही तुमचंच.

तारखाही एक नसून तीन-चार. विंडोजवर आपल्याला दिसतात त्या ‘क्रिएटेड’, ‘मॉडिफाइड’ आणि ‘ॲक्सेस्ड’. इथे एक गंमत आहे. पेनड्राइव्हवरून फाईल लॅपटॉपवर कॉपी केली की ‘मॉडिफाइड’ जुनीच राहते, पण ‘क्रिएटेड’ आजची पडते. म्हणजे फाईल जन्माला येण्याआधीच बदलली गेली! ग्रुपवर असा स्क्रीनशॉट टाकून "बघा, बनवाबनवी" म्हणून ओरडणारे मी पाहिलेत. बनवाबनवी काही नसते, कॉपी असते.

तारखांच्या शेजारीच ॲट्रिब्युट्स असतात. डॉसच्या जमान्यापासून चार चालत आलेत: रीड-ओन्ली, हिडन, सिस्टिम आणि आर्काइव्ह. प्रत्येकाला एकच बिट, चालू किंवा बंद. ‘ॲट्रिब’ कमांडने हिडन चालू केलं की फोल्डर एक्सप्लोररमधून गायब, पण डिस्कवर जागच्या जागी. हिडन म्हणजे कुलूप नव्हे, नुसता पडदा. हा पडदा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग बदललेली तारीख कधीच पकडता येत नाही का? बऱ्याचदा येते. लिनक्समध्ये ‘सीटाईम’ नावाची आणखी एक वेळ असते, रजिस्टरातली नोंद शेवटची कधी बदलली ती. टच ही वेळ तुमच्या मनासारखी लिहू देत नाही. तुम्ही बाकीच्या तारखा मागे नेल्यात, की सीटाईमवर आत्ताची वेळ पडते. विंडोजची एनटीएफएस तर तारखांचे दोन संच ठेवते आणि तारीख बदलणारी साधी टूल्स दुसऱ्या संचाला हात लावत नाहीत. शिवाय एनटीएफएस वेळ मोजते ती 1 जानेवारी 1601 पासून, सेकंदाच्या एक कोटीव्या भागापर्यंत. खऱ्या वापरातल्या फाईलला सेकंदानंतर वेडेवाकडे सात आकडे असतात. हाताने टाकलेल्या वेळेत तिथे बहुतेकदा सात शून्यं दिसतात. काही प्रोग्रॅमही शून्यं सोडतात, त्यामुळे हा पुरावा नव्हे, पण तपासणारा तिथे थांबतो. आणि कोणी आख्ख्या कॉम्प्युटरचं घड्याळच मागे नेलं तर? तेही इव्हेंट लॉगमध्ये उमटू शकतं.

टाईमझोनचा घोळ वेगळाच. एनटीएफएस वेळ यूटीसीमध्ये ठेवते, पण फॅट32 पेनड्राइव्हवर नुसती स्थानिक वेळ लिहिलेली असते, कुठली स्थानिक ते लिहायची सोयच नाही. गिरगाव-परळच्या जुन्या लोकांना यात नवल वाटलं नसतं. 1906 मध्ये देशाची प्रमाणवेळ आली तरी मुंबईने आपली ‘बॉम्बे टाईम’ पुढे कित्येक वर्षं चालू ठेवली होती, 39 मिनिटं मागे. "तीन वाजता या" म्हटलं की विचारायला लागायचं, कुठले तीन?

आता या तीनवरूनच एक खरी केस. जालना विधानसभा, 2014. अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले, कैलास गोरंट्याल हरले. गोरंट्याल कोर्टात गेले. मुद्दा मतांचा नव्हता, घड्याळाचा होता. अर्ज भरायची मुदत होती 27 सप्टेंबरला दुपारी 3 पर्यंत, आणि त्यांचं म्हणणं, खोतकरांचा अर्ज 3 नंतर आला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात आत-बाहेर व्हिडिओ शूटिंग चालू होतं. त्याच्या सीडी कोर्टात आल्या. पण तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम 65-ब प्रमाणे जे प्रमाणपत्र लागायचं, म्हणजे "ही कॉपी अमुक यंत्रावरची, ते यंत्र नीट चालत होतं" असं जबाबदार माणसाने सही करून सांगणं, ते मागूनही अधिकाऱ्यांनी दिलंच नाही.

मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर 2017 मध्ये निवडणूक रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 14 जुलै 2020 ला तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला. निवडणूक रद्दच राहिली, कारण अधिकाऱ्यांच्या साक्षीसारखा बाकीचा पुरावाही होता. पण नियम पक्का झाला: इलेक्ट्रॉनिक कॉपी दाखवायची तर प्रमाणपत्र हवंच. मूळ यंत्रच मालकाने कोर्टात आणलं तर गोष्ट वेगळी. इंजिनिअर म्हणून मला हा निकाल आवडतो. स्क्रीनवरच्या वेळेवर कोर्टाने डोळे मिटून विश्वास ठेवला नाही, त्या यंत्राची जबाबदारी घेणारा माणूस मागितला.

आणि तो हिडनचा पडदा? भीमा-कोरेगाव प्रकरणातले एक आरोपी रोना विल्सन. बचाव पक्षाच्या बाजूने त्यांच्या लॅपटॉपची प्रत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगने तपासली. फेब्रुवारी 2021 मध्ये बाहेर आलेल्या त्यांच्या अहवालाचं म्हणणं असं, की मालवेअरमधून घुसून कोणीतरी एक फोल्डर तयार केलं, ते हिडन केलं आणि त्यात पत्रं टाकली. त्यातल्या काही पीडीएफ वर्ड 2010 किंवा 2013 मधून बनलेल्या, आणि विल्सन यांच्या लॅपटॉपवर होतं वर्ड 2007. एनआयएने हा अहवाल मान्य केलेला नाही आणि खरं-खोटं कोर्टच ठरवेल. पण बघा, वाद कशावरून आहे. रजिस्टरातल्या त्याच छोट्या नोंदींवरून. माणसं वर्षानुवर्षं तुरुंगात आहेत किंवा होती, त्या प्रकरणात.

तारीख बदलणं म्हणजे नेहमी लबाडीच असं नाही हां. आजोबांचे 1962 चे गणपतीचे फोटो स्कॅन केले तर गॅलरीत ते आजच्या सेल्फींमध्ये जाऊन बसतात. तिथे फोटोच्या आतली एक्झिफ तारीख बदलणं अगदी योग्य. फक्त फाईल सिस्टिमच्या तारखेच्या भरवशावर राहू नका. फॅट32 आणि झिपला 1980 च्या आधीचं जग माहीतच नाही.

आता आपल्या कामाचं. समजा परळ-लालबागच्या जुन्या इमारतीत तुमच्या खोलीचा स्लॅब पडला आणि उद्या मालक म्हणाला, "हे तर आत्ताचं, तुम्हीच तोडलंत." तुमच्याकडे फोटो आहे. तो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलात की आतली एक्झिफ माहिती निघून जाते. नावात जी तारीख दिसते ती पाठवल्याची किंवा आल्याची, काढल्याची नव्हे. म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि मूळ फोटो फोनमध्ये तसाच ठेवा, एडिट नको, क्रॉपसुद्धा नको.

मग त्याचा हॅश काढा. एसएचए-256 म्हणजे फाईलच्या मजकुरावरून निघणारा 64 अक्षरांचा ठसा. एक पिक्सेल बदलला तरी ठसा बदलतो. टचने तारीख बदलली तर मात्र बदलत नाही, कारण तारीख मजकुरात नाहीच. म्हणजे हॅश सांगतो ‘काय’, ‘कधी’ सांगत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मधल्या प्रमाणपत्रात आता हॅश लिहावाच लागतो.

‘कधी’ साठी तुमच्या हातात नसलेलं रजिस्टर लागतं. त्याच दिवशी फोटो ईमेल करा, म्हणजे सर्व्हरवर वेळ उमटते. आणि म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाला पत्र द्याल तेव्हा ती 64 अक्षरं पत्रात टाईप करा, दोन प्रती न्या, आणि आपल्या प्रतीवर खिडकीवरून तारखेसकट आवक शिक्का मारून घ्या. विंडोजवर हॅश काढायला ‘सर्टयुटिल’ आधीपासूनच असतं, वेगळं काही डाउनलोड करायला नको.