नाव बोरूचे, मुक्काम झुडपात

बुधवार पेठेतील अप्पा बळवंत चौकातून पक्ष्यांचे सचित्र पुस्तक विकत घेणारा नवखा निरीक्षक वटवट्यांच्या पानांपाशी हमखास अडखळतो. खंड्या, बुलबुल, साळुंकी सहज ओळखू येतात. येथे मात्र पानामागून पान एकसारखे तपकिरी, चिमणीहून लहान पक्षी दिसतात. यांपैकीच 'ब्लाइथ्स रीड वॉर्बलर' हा पुण्याचा नेमाचा हिवाळी पाहुणा.

'रीड' म्हणजे पाणथळीतला बोरू. साहजिकच त्याचा शोध नदीकाठच्या बोरूच्या बेटांत घेतला जातो आणि तेथेच फसगत होते. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ यांनी १८४९ मध्ये या पक्ष्याचे वर्णन केले. त्याच्या शास्त्रीय नावातील 'ड्युमेटोरम' या शब्दाचा अर्थ 'दाट झुडपांतला' असा आहे आणि तोच खरा पत्ता आहे. टेकडीवरची झाळी, कुंपणाची मेंदी, बागेतील गर्द फांद्या येथे तो किडे टिपत हिंडतो. बोरूत वावरणारे त्याचे भाऊबंद निराळे. 'क्लॅमरस रीड वॉर्बलर' आकाराने बराच मोठा व कर्कश आवाजाचा. 'पॅडीफील्ड वॉर्बलर'ची भुवई अधिक ठळक.

ओळखीच्या खुणा

पाठ फिकट ऑलिव्ह-तपकिरी, पोट मळकट पांढरे, चोच लांबट. डोळ्यावरची फिकट भुवई आखूड, डोळ्यामागे जवळजवळ न जाणारी. पंखांवर पट्टा नाही. झुडपांत व झाडांवर दिसणाऱ्या 'ग्रीनिश वॉर्बलर'च्या पंखावर बहुधा बारीक पट्टा असतो व भुवई लांब असते. तरीही डोळ्यांपेक्षा कानांवर भिसारणे बरे. झुडपातून थांबून थांबून 'चक्... चक्' असा कोरडा आवाज आला, की पक्षी दिसण्याआधीच त्याची चाहूल लागते.

फिनलंड, रशिया, सायबेरिया व मध्य आशियात त्याची वीण होते. युरोपातील त्याचे अनेक नातलग हिवाळ्यात आफ्रिकेला जातात. हा मात्र सुमारे १२ ग्रॅम वजनाचा जीव हजारो किलोमीटर उडून भारतीय उपखंडात येतो. वीणकाळात नर इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करीत रात्रीही गातो. परतीपूर्वी, वसंतात, त्या गाण्याची झलक आपल्याकडेही ऐकू येते.

अशा पक्ष्यांना 'एकसारखे' म्हणून सोडून दिल्यास काय घडते, याचे उदाहरण बोलके आहे. १८६७ मध्ये सतलजच्या खोऱ्यात 'लार्ज-बिल्ड रीड वॉर्बलर'चा एकच नमुना मिळाला. पुढे जिवंत पक्षी हाती आला तो २००६ मध्ये, थायलंडमध्ये. त्यानंतर शोध घेतला असता ब्रिटनमधील ट्रिंग येथील संग्रहालयात त्याचा दुसरा जुना नमुना निघाला. तो ब्लाइथ्स रीड वॉर्बलर समजून त्याच खणात ठेवला गेला होता!

बुधवार पेठेपासून हाकेच्या अंतरावर मुठा वाहते. तिच्या काठची व टेकड्यांवरची झुडपे सुशोभीकरणाच्या नावाखाली 'माजलेले रान' म्हणून काढली जातात. त्या जागी हिरवळ व फरसबंदी आली, तर या पाहुण्याला आडोसाही उरणार नाही आणि अन्नही. मात्र ज्या पक्ष्याची ओळखच नाही, त्याचे येणे थांबले तरी ते कोणाच्या ध्यानी येणार? यंदा हिवाळ्यात जवळच्या झुडपापाशी घटकाभर उभे राहून तो 'चक्' ऐकणे, ही ओळखीची पहिली पायरी ठरेल.