कालव्याकांठचे पोलादी घोडे

अश्वारूढ पुतळा म्हटला कीं आपली दृष्टि प्रथम स्वाराकडे जाते. पुण्यांत १९२८ सालीं उभारलेल्या, वि. पां. करमरकर यांनीं घडविलेल्या शिवछत्रपतींच्या पुतळ्यासमोर उभें राहिलें म्हणजे घोड्याचें सौष्ठव डोळ्यांत भरतें खरें. पण तें महाराजांच्या तेजाचा एक अंश म्हणूनच. तसेंच तें असावयास हवें. परंतु ज्या घोड्यानें उभ्या जन्मांत कोणा राजास पाठीवर घेतलें नाहीं, केवळ ओझें ओढलें, त्याची प्रतिमा कोणी उभारील काय? स्कॉटलंडांतील फॉल्कर्क गांवाजवळ कालव्याच्या दोहों बाजूंस अशा दोन घोड्यांचीं मस्तकें उभीं आहेत. प्रत्येकाची उंची सुमारें शंभर फूट आणि वजन सुमारें तीनशें टन. एकानें मान आकाशाकडे फेकली आहे. दुसरा खालीं पाहतो आहे. स्वार कोणीच नाहीं.

हे घोडे येथेंच कां, हें समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. इ. स. १७५९ मध्यें फॉल्कर्कजवळ कॅरन नदीच्या कांठीं लोखंडाचा एक कारखाना निघाला. तेथील आंखूड नळीच्या तोफेस 'कॅरोनेड' असें नांव पडून ती इंग्रजांच्या लढाऊ गलबतांवर चढली. लोखंड आलें कीं कोळसा आला, आणि कोळसा आला कीं वाहतूक आली. १७६८ मध्यें फोर्थ आणि क्लाइड या नद्यांचीं मुखें जोडणारा कालवा खणण्यास प्रारंभ झाला आणि बावीस वर्षांनीं, १७९० मध्यें, पस्तीस मैलांचा हा जलमार्ग पुरा झाला.

त्यावरील नावा घोडे ओढीत. आपल्याकडील वाचकांस याचें किंचित् नवल वाटेल. रस्त्यावर घोडा फार तर एक-दोन टन ओझें ओढील. स्थिर पाण्यावरची नाव मात्र एकदां हालली कीं पन्नास टन माल पोटांत घेऊन त्याच्या मागून निमूटपणें येते. कांठाकांठानें एक अरुंद वाट, एक घोडा, त्याला हाकणारा एक माणूस आणि एक लांब दोर, एवढ्यावर त्या प्रांताचा व्यापार चालत होता.

दैवयोग असा कीं, घोड्याची जागा घेणाऱ्या यंत्राची परीक्षाही याच पाण्यावर झाली. १८०३ च्या मार्च महिन्यांत विल्यम सिमिंग्टन याच्या 'शार्लट डुंडास' या आगबोटीनें सत्तर-सत्तर टनांचीं दोन गलबतें ग्लासगोपर्यंत ओढून नेलीं. लाटांनीं कांठ ढांसळतील, या भीतीनें कालव्याच्या चालकांनीं तिला पुढें आश्रय दिला नाहीं. घोड्यांची दाणावैरण आणखी कांहीं वर्षें चालू राहिली. पुढें आगगाडी आली, मोटार आली. १९६३ मध्यें कालवा बंद झाला आणि १९८२ मध्यें कॅरनच्या कारखान्याचें दिवाळें निघालें. २००१ मध्यें कालवा पुन्हां खुला झाला, तो मुख्यतः सहलीच्या नावांसाठीं.

मस्तकांचे शिल्पकार अँडी स्कॉट हे ग्लासगोचे. त्यांचे वडील मूळचे फॉल्कर्कचे. 'ड्यूक' व 'बॅरन' नांवाचे दोन खरेखुरे क्लाइड्सडेल घोडे समोर ठेवून त्यांनीं काम केलें. क्लाइडच्या खोऱ्यांतील ही जात मोठ्या हाडापेराची, खुरांवर केंसांचे झुबके असलेली, आणि स्वभावानें गरीब. प्रथम एकदशमांश मापाचे नमुने झाले. मग पोलादी नळ्यांचा सांगाडा उभारून त्यावर गंज न चढणाऱ्या पोलादाचे नऊशेंहून अधिक पत्रे बसविले. जुळणी २०१३ मध्यें अवघ्या नव्वद दिवसांत झाली.

यांस नांव दिलें 'केल्पी'. स्कॉटलंडच्या लोककथांतील हें पाण्यांतलें भूत घोड्याचें रूप घेऊन कांठावर येतें आणि पाठीवर बसेल त्याला खोल पाण्यांत नेतें. गरीब ओढघोड्यास असलें कपटी नांव कां द्यावें, हें मला उमगत नाहीं; कदाचित् त्याच्या अंगचें बळ तेवढें घेतलें असेल.

कांहीं समीक्षकांस हें काम उथळ वाटलें. तो आक्षेप मला पटत नाहीं. पत्र्यांचे सांधे झांकलेले नाहींत. कारखान्यांतील कारागिराचा हात त्यांत उघड दिसतो. लोखंडाच्या गांवीं याहून उचित काय असणार?

माझी तक्रार निराळी आहे. कालव्याच्या खोदाईस आरंभ झाला तेव्हां स्कॉटलंडांतील कोळशाच्या खाणींतला मजूर कायद्यानें खाणीस जखडलेला होता. खाण विकली गेली तर तोही तिच्याबरोबर नव्या धन्याकडे जाई. १७७५ च्या कायद्यानें त्याचीं बंधनें सैल झालीं, पण पुरी सुटलीं तीं १७९९ मध्यें, म्हणजे कालवा वाहूं लागल्यावर नऊ वर्षांनीं. त्यानें खणलेला कोळसा घोड्यानें वाहिला. घोड्याचे श्रम या मस्तकांत दिसतात. तो माणूस दिसत नाहीं.

सायंकाळीं मस्तकांच्या आंतले दिवे लागतात. पत्र्यांच्या फटींतून उजेड बाहेर येतो आणि आंतला सांगाडा हाडाहाडानिशीं दिसूं लागतो. त्या वेळीं मधल्या पाण्यांतून एखादी नाव गेलीच, तर ती आपल्या यंत्राच्या बळावर जाते. कांठावर दोर ओढणारें कोणी नसतें.