पदवी आली, शरीराची ओळख कुठे?

राजापूर तालुक्यातल्या नाटे, आंबोळगड, जैतापूर या किनाऱ्यावरची मुले-मुली बारावीनंतर कॉलेजसाठी राजापूर, रत्नागिरी, नाहीतर थेट मुंबई गाठतात. जिल्ह्यातली कॉलेजे मुंबई विद्यापीठाची, म्हणजे पदवी मोठी. पण मूल कसे होते, कधी होते, का होत नाही, हा धडा यांच्या वाट्याला येतो तो दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात. पुढे कला-वाणिज्य घेतले की संपले! तो धडाही वर्गात कसा 'उरकला' जातो, हे वाचकांना सांगायला नको. 2007 साली तर महाराष्ट्रात शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर संस्कृतीच्या नावाने बंदीच आली.

मग विशीतला पदवीधर विचारणार कोणाला? मोबाइलला, नाहीतर आपल्याइतक्याच अडाणी मित्राला.

असे प्रश्न विचारायला एके काळी हक्काची जागा होती. याच जिल्ह्यातल्या मुरूडच्या कर्वे घराण्यातले र. धों. कर्वे 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढीत आणि वाचकांच्या शंकांना त्यात उघड उत्तरे देत. त्या उत्तरांवर 1934 साली अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा कर्व्यांचे वकीलपत्र घेतले ते बाबासाहेबांनी. खटला हरला, बाबासाहेब हटले नाहीत. 10 नोव्हेंबर 1938 रोजी स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले. लागोपाठच्या बाळंतपणांनी बाईचे शरीर झिजते, याचा जाब त्यात होता. ठराव 11 विरुद्ध 52 मतांनी पडला.

आज महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी मुले 1.7 (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, 2019-21). मुले कमी झाली, ओझे मात्र बाईवरच राहिले. त्याच पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांमागे स्त्री-नसबंदी 37.9 टक्के आणि पुरुष-नसबंदी 0.3 टक्के! आमचे शिकलेले तरुणही यात आलेच. मूल झाले नाही तर वांझ म्हणून बोट बाईकडेच. मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचेही कारण असते, हे तपासतो कोण? मुलगा की मुलगी, हेही पुरुषाच्या शुक्राणूवर ठरते. तरी तिसऱ्या मुलीनंतर छळ आईचा.

पस्तिशीनंतर गर्भ राहण्याची शक्यता झपाट्याने घटते. स्पर्धा परीक्षेत वर्षे घालणाऱ्या मुलीला हे ठाऊक हवे. तिला लग्नाची घाई लावण्याचा परवाना म्हणून मात्र हे कोणी वापरू नये. सज्ञान स्त्रीला कायदेशीर गर्भपातासाठी नवऱ्याची वा बापाची सही लागत नाही, हेही ठाऊक हवे. कायद्याने ज्यांना 24 आठवड्यांपर्यंत मुभा आहे, त्यांत अविवाहितेलाही धरावे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 रोजी दिला.

जयंतीच्या व्याख्यानमालेत इतिहासावर पाच दिवस बोलतो. त्यातली एक संध्याकाळ डॉक्टरीणबाईंना द्या, आणि मुलगे व मुली एकाच सतरंजीवर बसू द्या. चिठ्ठ्यांवर नाव न लिहिता प्रश्न मागवले, तर त्या संध्याकाळी वेळ पुरणार नाही.