शाळेच्या मागच्या जिन्याने

संध्याकाळचे सव्वासात वाजलेत. परळच्या गल्ल्यांमधून दादा आणि मी महापालिकेची एक शाळा शोधतोय. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. स्टेशनवरून येताना परमिट रूमच्या पाट्या लांबूनच वाचता येत होत्या. आम्हाला हव्या असलेल्या मिटिंगची पाटी मात्र कुठेच नाही. हेल्पलाइनवरच्या माणसाने सांगितलंय, मोठं गेट बंद असेल, मागून या. मी पानवाल्याकडे वळते, तसा दादा माझा दंड धरतो. "शाळा कुठे तेवढंच विचार. बाकी बोलू नकोस."

मागच्या गेटवर एक कागद चिकटवलाय. त्यावर 'ए. ए.' एवढीच अक्षरं, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, आणि एक बाण. दादा तो वाचतो आणि तसाच पुढे चालत राहतो, पार कोपऱ्यापर्यंत. मी हाक मारत नाही. तो परत येतो, पुन्हा थोडा पुढे जातो.

गेटच्या आत साठीच्या घरातले एक काका उभे आहेत. ते कुणाच्या चेहऱ्याकडे बघत नाहीत. रस्त्यावरच्या चपलांकडे बघतात, गेटपाशी घुटमळणाऱ्या. दादा तिसऱ्यांदा जवळ येतो तेव्हा ते सहज म्हणतात, "या, चहा झालाय. वर, पहिला मजला." नाव विचारत नाहीत, काय काम म्हणून विचारत नाहीत. मला म्हणतात, "ताई, आज ओपन मिटिंग आहे, तुम्हीही बसा." एरवीच्या क्लोज्ड मिटिंगला फक्त पिणारेच, म्हणजे पिणं थांबवू पाहणारे.

वर्गात मुलांचे बुटके बाक, भिंतीवर पाढ्यांचा तक्ता. त्याच्या शेजारी खिळ्याला टांगलेला कापडी फलक, ए. ए.च्या बारा पायऱ्यांचा. चहा देणारा तरुण दादाकडे एकदाच बघतो आणि कप अर्धाच भरतो. दादा तो दोन्ही हातांनी धरतो. बोटं थरथरतात, चहा कपातल्या कपात हिंदकळतो, पण सांडत नाही. संपल्यावर तरुण उरलेला अर्धा ओततो. घरी याच हातांवरून आम्ही किती बोललोय! इथे अर्धा कप पुरतो.

सूत्रसंचालन करणारा पहिलं वाक्य स्वतःबद्दल बोलतो: नाव, आणि मी मद्यपी आहे. सगळे एका आवाजात नमस्कार म्हणतात. मग एकेक जण उठतो. कुणी काय सांगितलं ते मी लिहिणार नाही. खोलीतलं खोलीत राहतं, या भरवशावरच माणसं इथे तोंड उघडतात. एवढंच सांगते की सल्ला कुणीच देत नाही. गळ्यात माळ घाल म्हणजे सुटेल, लग्न झालं की सुटेल, मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घे, हे सगळं आमच्या घरात करून झालंय. इथे प्रत्येक जण फक्त स्वतःचं सांगतो, आणि दादाची मान हळूहळू वर येते.

ए. ए.ची सुरुवातही अशाच बोलण्यातून झाली होती. १९३५ साली अमेरिकेत ओहायोतल्या ॲक्रन गावी बिल नावाचा शेअर बाजारातला माणूस आणि डॉ. बॉब हे सर्जन समोरासमोर बसले. दोघेही दारूने पोखरलेले. तोवर बॉबना समजावणारे पुष्कळ भेटले होते. आपण स्वतः कसे बुडालो ते सांगणारा हा वेगळा होता. आपल्या देशात ही मंडळी १९५७ पासून जमतायत. आज या बाकांवर कारकून आहेत, हमाल आहेत, टाय लावलेला एक जण आहे. कुणी आधी पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलाय, कुणी थेट रस्त्यावरून. सभासद व्हायला पिणं थांबवण्याची इच्छा पुरते. फी नाही.

कापडी थैली फिरते. मी पर्स उघडते, तर शेजारचे गृहस्थ थैली पटकन पुढे सरकवतात. "बाहेरच्यांचे पैसे घेत नाही आम्ही. खोलीचं भाडं, चहा, सगळं आमचं आमच्यात." नोट हातात धरून मी तशीच बसते आणि मला त्यांचा फार आदर वाटतो.

दादा बोलत नाही. त्याला कुणी बोल म्हणतही नाही.

मिटिंग सुटल्यावर गेटवरचे काका त्याला जिन्यापाशी गाठतात.

"शेवटची कधी घेतलीत?"

"काल रात्री."

"रोजची होती?"

"रोजची."

"मग आधी डॉक्टर. आज रात्री घाम, भास, असं काही वाटलं तर सकाळची वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. बरीच वर्षं पिणाऱ्याने एकदम बंद केली की फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. आमच्याकडे औषध नाही, माणसं आहेत." मग माझ्याकडे वळून, "घरच्यांसाठी अल-अनॉन असतं, वहिनींना सांगा. तेही याच शाळेत, शेजारच्या वर्गात."

ते चिठ्ठीवर स्वतःचा नंबर लिहितात. "उद्या इथे मिटिंग नाही. कुर्ल्याला आहे, साडेसातला. ग्लास उचलावासा वाटला तर उचलण्याआधी फोन करा, रात्री दोन वाजले तरी."

दादा चिठ्ठी वाचतो, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवतो. दोन पायऱ्या उतरतो आणि थांबतो.

"काका, कुर्ल्याला पूर्वेला की पश्चिमेला?"