टस्कीगी प्रयोग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या मेकन काउंटीत 1932 ते 1972 अशी 40 वर्षे सुमारे 600 कृष्णवर्णीय पुरुषांवर टस्कीगी प्रयोग चालला; उपचार न केल्यास सिफिलिस हा लैंगिक संसर्गाने होणारा रोग कसा वाढतो, हे त्यात पाहायचे होते. सरकारी डॉक्टरांनी या माणसांना सिफिलिस टोचला, असा समज सर्वत्र आहे. तो चुकीचा आहे. त्यांपैकी 399 जणांना हा रोग आधीपासूनच होता. उरलेले 201 तुलनेसाठी निवडले होते. मुद्दाम लागण करवण्याचा प्रकार ग्वाटेमालात, 1946 ते 1948 या काळात घडला. तिथले प्रमुख डॉक्टर जॉन कटलर पुढे टस्कीगीतही होते, त्यामुळे दोन्ही प्रकरणांची सरमिसळ सहज होते.

पण त्यामुळे टस्कीगीतला अपराध सौम्य ठरत नाही. रुग्णांना रोगाचे नावसुद्धा सांगितले गेले नाही. 'तुमचे रक्त खराब आहे' एवढेच त्यांच्या कानावर घातले. तपासणीसाठी मणक्यातून पाणी काढायचे होते, तेव्हा खास मोफत उपचाराची ही शेवटची संधी आहे, अशी पत्रे त्यांना धाडण्यात आली. शवविच्छेदनाला संमती दिली तर अंत्यविधीचा खर्च मिळे, आणि वाट्याने शेती कसणाऱ्या कुटुंबांना तो मोठाच आधार वाटे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्यभरतीच्या तपासणीत काहींचा रोग उघडकीस आला. नियमानुसार त्यांच्यावर उपचार व्हायला हवे होते. प्रयोग चालवणाऱ्या सार्वजनिक आरोग्य सेवा या सरकारी खात्याने भरती मंडळाला सांगून त्यांना उपचारांतून वगळायला लावले. पुढे या रोगावर गुणकारी असलेले पेनिसिलिन सर्रास मिळू लागले, तरी ते या माणसांपर्यंत पोहोचू दिले नाही.

हे सारे चोरून चालले होते, हेही खरे नाही. प्रयोगाचे निष्कर्ष 1936 पासून वैद्यकीय नियतकालिकांत उघडपणे छापून येत होते. याच खात्यात काम करणाऱ्या पीटर बक्स्टन यांनी 1966 मध्ये हरकत घेतली, त्यानंतर 1969 मध्ये तज्ज्ञांची बैठक झाली, आणि तिनेही प्रयोग चालू ठेवावा असाच कौल दिला. अखेर जुलै 1972 मध्ये वृत्तपत्रांत बातमी आली, तेव्हा तो बंद पडला.

त्या काळी नियमच नव्हते, हा बचावही टिकत नाही. जर्मनीत 1931 मध्येच माणसांवरील प्रयोगांसाठी संमती घेण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे निघाली होती, नाझी डॉक्टरांवरील खटल्यातून 1947 मध्ये न्यूरेंबर्ग संहिता आली, 1964 मध्ये हेलसिंकी जाहीरनामा. उणीव होती ती नियमांच्या सक्तीची. अमेरिकेत 1974 च्या कायद्याने सरकारी निधीवरच्या अशा संशोधनाला संस्थेच्या परीक्षण समितीची पूर्वतपासणी बंधनकारक केली.