मुलीला ब्यूटिशियन व्हायचंय? मग नीट शिकू द्या

दहावी-बारावीचे निकाल लागले की अंधेरीतल्या आम्हा शिक्षकांकडे पालक सल्ल्याला येतात. मुलगी हुशार असली तरी एखादी अम्मी हळूच म्हणते, "मॅडम, हिला पार्लरचं शिकायचंय. हिच्या अब्बूंना पसंत नाही. लोक काय म्हणतील?" या प्रश्नाचे उत्तर टाळून चालत नाही. पार्लर हा हलका धंदा, ही समजूत अनेक घरांत आहे आणि तिच्यापायी मुली अर्धवट शिकून कमी पगारावर राबतात.

आधी आपल्याच परिसराकडे पाहू. आंबोलीचा फिल्मालय स्टुडिओ जुना, शिवाय मालिका आणि जाहिरातींची कामे आसपास सतत चालू असतात. पण मुंबईच्या चित्रपटसृष्टीत सुमारे सहा दशके बायकांना मेकअप आर्टिस्ट म्हणून कार्ड मिळत नव्हते. संघटनेचा नियमच असा की मेकअप पुरुषांनी करायचा, बायकांनी फक्त केस. कॅलिफोर्नियात शिकून आलेल्या चारू खुराना यांनी याविरुद्ध सुप्रीम कोर्टात दाद मागितली. 10 नोव्हेंबर 2014 रोजी कोर्टाने हे नियम रद्द केले. रोजगाराचा हक्क स्त्री म्हणून नाकारता येणार नाही, असा त्या निकालाचा अर्थ. दार उघडले, पण आत जायला हातात कसब हवे.

ते कसब कोठे मिळते? आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे. दहावी पास मुलीला त्यात प्रवेश घेता येतो आणि प्रमाणपत्र देशभर चालते. प्रवेश ऑनलाइन होतो. घरापासून सोयीच्या कोणत्या आयटीआयमध्ये हा ट्रेड आहे, ते प्रवेशाच्या यादीत पाहावे. पुढे परदेशात काम करायचे असेल तर 1946 साली स्थापन झालेल्या सिडेस्को या आंतरराष्ट्रीय संस्थेचा डिप्लोमाही असतो, मात्र त्याचा खर्च मोठा आहे. खासगी क्लासची फी भरण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात: प्रमाणपत्र कोणाचे आणि प्रत्यक्ष हाताने काम किती तास?

नीट शिकण्याचा आग्रह आम्ही का धरतो? या कामात दुसऱ्याची त्वचा आपल्या हाती असते. झटपट रंगणाऱ्या काळ्या मेंदीत पीपीडी नावाचे रसायन असू शकते. त्याने काहींच्या हातावर फोड येतात, डागही राहतात. अस्सल मेंदीचा रंग लालसर तपकिरीच असतो. हेअर डायमध्येही हेच रसायन असते, म्हणून दोन दिवस आधी कानामागे थोडा लावून पाहायचा असतो. काही बेनामी गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा सापडतो आणि तो मूत्रपिंडाला घातक आहे. शिकलेली मुलगी असा डबा ग्राहकाला लावणार नाही. इंजेक्शन आणि लेझर हे डॉक्टरांचे काम, ही मर्यादाही ती ओळखते.

राहिला घरच्यांच्या काळजीचा प्रश्न. फक्त महिलांसाठी पार्लर चालवता येते, दुल्हनच्या घरी जाऊन काम करता येते, वेळाही आपणच ठरवायच्या. भुवया कोरण्यासारख्या एखाद्या कामाबद्दल शंका असेल तर आलिमांना विचारून ते काम वगळता येते. बाकी काम पुष्कळ आहे. शहनाज हुसेन यांचे लग्न लहान वयात झाले होते. त्यांनी दिल्लीत राहत्या घरातच सुरुवात केली आणि 2006 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्रत्येकीला तेवढे यश मिळेल असे नाही, पण घरातून सुरुवात करता येते, एवढे तरी यातून दिसते.

भांडवलासाठी मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात 50,000 रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळते आणि त्यात ब्यूटी पार्लरही बसते. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नयेत. आमचा सल्ला मात्र असा की, कोर्स संपताच कर्ज काढू नये. आधी वर्षभर चांगल्या पार्लरमध्ये हात बसवावा, ग्राहकांशी बोलायला आणि हिशेब ठेवायला शिकावे.

अब्बूंना आमचे सांगणे एवढेच की, नाही म्हणण्यापूर्वी एकदा मुलीसोबत आयटीआयमध्ये जाऊन या. वर्ग पाहा, तिथल्या शिक्षिकांशी बोला, मग निर्णय घ्या. मेहनतीची, हलाल कमाई कोणत्याही घराला कमीपणा आणत नाही.